चांद बोधल्यांचे दोन शिष्य

दौलताबादच्या रानात मलंगाच्या वेशातला एक माणूस बसलेला आहे. जवळ एक कुत्री. किल्ल्याचे अधिकारी जनार्दनपंत त्याच्यासमोर हात जोडून उभे. मलंगाच्या सांगण्यावरून पंत त्या कुत्रीचे दूध काढतात, त्यात भाकरीचे तुकडे कुस्करतात आणि दोघे एकाच भांड्यात जेवतात. थोड्या अंतरावर पैठणचा एक ब्राह्मण मुलगा हे पाहतो आहे. गुरूंच्या शब्दावर त्याची श्रद्धा आहे, पण समोरचे दृश्य त्याच्या घराण्याच्या कोणत्याही पोथीत बसत नाही. जेवण आटोपल्यावर पंत त्याच्या हातात ते उष्टे भांडे देतात आणि धुऊन आण म्हणतात. मुलगा ओढ्यावर जातो, भांडे धुतो आणि क्षणभर थांबून ते धुवण पिऊन टाकतो.

तो मुलगा म्हणजे एकनाथ. ही कथा भक्तचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात सांगितली आणि कीर्तनांतून ती घरोघरी गेली. मलंग कोण, या प्रश्नाचे महिपतींचे उत्तर सरळ आहे : साक्षात दत्तात्रेय. कुत्री म्हणजे कामधेनू. आधी एकदा हेच दैवत हत्यारबंद यवन स्वाराच्या रूपात आले होते आणि त्या वेळी एकनाथ भांबावले होते. श्रोत्यांचा प्रश्न मिटला. दत्त कोणत्याही रूपात येतो, भक्ताची परीक्षा घेतो, झाले.

पण नेमके हेच रूप का? दत्ताला वेशांची वाण नव्हती. जोगी, बैरागी, अवधूत, संन्यासी हे सगळे दत्ताचे ओळखीचे वेश. शिवाय एकनाथांच्या कुळाला मानवतील असे. ते सगळे सोडून त्याने मुसलमान फकिराचा वेश घ्यावा, तोही देवगिरीच्या पायथ्याशी? आणि किल्ल्याच्या अधिकाऱ्याने त्याच्या ताटात जेवावे? असली अडचणीची गोष्ट भक्तचरित्रकार आपणहून रचत नाही. त्याच्याकडे ती आलेली असते, टाकवत नाही म्हणून तो तिला सोन्याचा मुलामा देतो. मुलाम्याखाली काय होते, हे शोधायला पुढे दोनशे वर्षे लागली. उत्तर मिळाले ते महिपतींच्याच जिल्ह्यात. महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. उत्तर पडून होते त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीगोंद्यात.

श्रीगोंदा म्हणजे जुने चांभारगोंदे. भीमा आणि घोड या नद्यांलगतचा हा मुलूख निजामशाहीचा होता. पुढे शिंद्यांचा झाला, महादजींचे वाडे इथे उभे राहिले. पण गावाचा धनी विचारलात तर गावकरी आजही एकच नाव घेतात, शेख महंमदबाबा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला हा मुसलमान माणूस मराठीत लिहीत होता, ओव्या आणि अभंग रचत होता, योगमार्गावर ग्रंथ करत होता. आपला जन्म मुसलमान जातीत आहे हे त्याने लपवले नाही आणि हृदयात गोविंद आहे हेही लपवले नाही. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले यांनी त्यांना गुरू मानले आणि श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. मालोजींना मुसलमान संत परके नव्हते. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली होती, हे तर शिवभारतानेच सांगितले आहे.

महिपतींनी शेख महंमदांचीही कथा सांगितली आहे. कसायाच्या सुरीची धार आधी स्वतःच्या बोटावर पाहिली आणि त्या वेदनेने जिवाचा मार्ग बदलला. तिकडे तुकोबांच्या कीर्तनात मांडव पेटला आणि इकडे श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी हात चोळून तो विझवला. रामदासांनी त्यांची स्तुती केली, मोरोपंतांनी संतांच्या माळेत त्यांना ओवले. म्हणजे सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या मराठी माणसाला शेख महंमद चांगलेच ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की हे नाव आणि दौलताबादचा तो मलंग यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो. महिपतींनी दोन्ही कथा लिहिल्या, पण दोन वेगळ्या माणसांच्या म्हणून. मधला दुवा त्यांच्या हाताखालून निसटला.

तो दुवा शेख महंमदांच्या मुख्य ग्रंथात होता. योगसंग्राम हा ग्रंथ शके १५६७ मधला, म्हणजे १६४५ चा. शिवाजी महाराज तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि तुकोबा हयात होते. ग्रंथाचे अठरा भाग आहेत, त्यांना शेख महंमद ‘प्रसंग’ म्हणतात. विषय आहे माणसाच्या आत चाललेल्या लढाईचा : देह हे रणांगण, आणि साधकाला जिंकायचे आहेत ते स्वतःचेच विकार. मधूनच कर्मठ पंडितांवर टीका आहे, मुल्लांवर आहे, नवस फेडायला बकरी कापणाऱ्यांवर तर चांगलीच आहे. वाचकाचा सगळा जीव त्या लढाईत गुंततो आणि गुरुवंदनाच्या ओळी तो नेहमीच्या रिवाजाने ओलांडून जातो. जुन्या ग्रंथांत गणपती, शारदा, गुरू यांना नमस्कार असतोच. त्यात वाचायचे काय?

वाचायचे होते ते तिथेच. गुरूला नमस्कार करताना शेख महंमद नाव घेतात चांद बोधले यांचे. आणि पुढे सांगतात, की याच चांद बोधल्यांनी जानोपंतांचा स्वीकार केला आणि जानोबांनी एकाला उपदेश दिला. जानोपंत म्हणजे जनार्दनपंत. एका म्हणजे एकनाथ. दोनचार ओळींत एवढेच. ना चमत्कार, ना कुत्री, ना कामधेनू. घरातला माणूस आपल्या भावकीची ओळख करून देतो तितक्या सहजपणे शेख महंमदांनी लिहून ठेवले आहे, की माझा गुरू आणि एकनाथांच्या गुरूचा गुरू एकच.

हस्तलिखितात ही ओळ डोळ्यांत भरत नाही. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नाहीत, बोरूने लिहिलेली अक्षरे एका दांड्यात पुढे पळत असतात. चांद, जानोपंत, एका ही नावे त्या ओघात वेगळी उठत नाहीत. शिवाय वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते, की जनार्दनस्वामींचे गुरू दत्त आहेत. ठाऊक असलेल्या गोष्टीच्या विरुद्ध काही समोर आले तर डोळा ते सहसा टिपत नाही.

योगसंग्रामाकडे नीट पाहणाऱ्यांत वा. सी. बेंद्रे हे महत्त्वाचे नाव. शिवाजी महाराजांचे विश्वसनीय चित्र त्यांनी १९३३ मध्ये लोकांपुढे आणले, संभाजी महाराजांच्या चरित्राला चढवलेली पुटे काढण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. भोसले घराण्याच्या मुळाशी जाणारा माणूस मालोजींच्या गुरूंपाशी पोहोचणारच. तुकोबांच्या गुरुपरंपरेचाही बेंद्रे माग काढत होते, त्या वाटेवरही शेख महंमद भेटतात. १९५९ मध्ये त्यांनी योगसंग्राम संपादून छापला, पुढे कविताही आणल्या. इतिहास संशोधकाने भक्तिग्रंथ हाती घेतला की एक फायदा होतो. तो नमस्काराच्या ओळी ओलांडत नाही, कारण नावे, नाती आणि गावे तिथेच असतात.

दुसरे नाव रा. चिं. ढेरे यांचे. ढेऱ्यांनी १९६७ मध्ये मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिले. दत्त संप्रदायाच्या इतिहासावर ते आधीपासून काम करत होते. म्हणजे एका टेबलावर दत्ताच्या कथा आणि दुसऱ्या टेबलावर शेख महंमद, अशी त्यांची बैठक होती. दोन्ही टेबले एकाच माणसाची असल्यामुळे कागद एकमेकांशेजारी आले. योगसंग्रामातले चांद बोधले आणि कथेतला मलंग यांना ढेऱ्यांनी समोरासमोर उभे केले. त्यांचा निष्कर्ष असा, की जनार्दनस्वामींना अनुग्रह देणारा फकीर हा खराखुरा माणूस होता, चांद बोधले हे त्याचे नाव होते, कादरी या सूफी परंपरेशी त्याचे नाते होते, आणि एकनाथांच्या घराण्याने त्याला दत्तरूपात जपले.

मला या शोधातली सर्वांत देखणी गोष्ट ही वाटते, की पुरावा दोन तुकड्यांत होता आणि दोन वेगळ्या घरांत होता. श्रीगोंद्याच्या घरात नाव राहिले. पैठणच्या घरात वेश राहिला. पैठणकरांनी नाव सोडले, पण मलंगाची कफनी सोडता आली नाही. श्रीगोंदेकरांकडे कथा नव्हती, पण नाव होते. दोघांनी एकमेकांना विचारून हे केलेले नाही, म्हणूनच त्याला साक्षीचे मोल आहे. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकाच माणसाबद्दल बोलतात तेव्हा न्यायाधीश कान टवकारतो.

अर्थात उलटतपासणी व्हायलाच हवी.

पहिला आक्षेप खुद्द एकनाथांचा आहे. एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायात त्यांनी आपली परंपरा सांगितली आहे. दत्तात्रेयाचे शिष्य सहस्रार्जुन आणि यदु, आणि कलियुगात तिसरे जनार्दन. चांद बोधल्यांचा तिथे उल्लेख नाही. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर दिव्याजवळ जागून हिशेब जुळवणारे नाथ, आणि त्यांच्याच गुरुपरंपरेच्या हिशेबात एवढे मोठे नाव गळावे? श्रद्धाळू म्हणतील, गळले नाही, नव्हतेच. मला तसे वाटत नाही. नाथांनी भागवत वाराणसीत बसून १५७३ मध्ये पूर्ण केले. भागवतासारखा ग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांनी त्यांच्याशी झगडा मांडला, असे चरित्रकार सांगतात. त्या पंडितांच्या दारात आजेगुरू म्हणून फकिराचे नाव सांगणे म्हणजे ग्रंथ गंगेत सोडण्यासारखे होते. आणि नाथांच्या दृष्टीने त्यांनी खोटेही काही लिहिले नाही. ज्याने कृपा केली तो दत्त, ही त्यांची खरी भावना होती. ज्या माणसाने हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात रंगवून शेवटी दोघांना एकमेकांच्या गळ्यात घातले, त्याला फकिराची लाज वाटत असेल हे मला पटत नाही. लाज वाटली असेल तर ती नंतरच्या लोकांना.

दुसरा आक्षेप वर्षांचा. जनार्दनस्वामींचा काळ १५०४ ते १५७५. एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे आले त्याआधीच त्यांच्यावर अनुग्रह झालेला होता. योगसंग्राम आहे १६४५ चा. एका शिष्याचा मृत्यू आणि दुसऱ्याचा ग्रंथ यांच्यामध्ये सत्तर वर्षांचे अंतर पडते. एक गुरू दोघांना पुरेल कसा? अभ्यासक शेख महंमदांचा जन्म १५६० च्या सुमाराचा मानतात. चांद बोधले दीर्घायुषी असतील आणि शेख महंमदांना कोवळ्या वयात दीक्षा मिळाली असेल, तर गणित जुळते. ओढून जुळते, पण जुळते. उतारवयात ग्रंथ लिहिणारा माणूस पोरवयात पाहिलेल्या गुरूचे नाव घेतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणले की त्या ओळींतली सहजता आणखी कळते.

तिसरा आक्षेप जरा बोचरा आहे. शेख महंमदांनी एकनाथांसारख्या बड्या नावाशी नाते सांगून आपले वजन तर वाढवून घेतले नाही? १६४५ पर्यंत नाथांची कीर्ती महाराष्ट्रभर झाली होती, तेव्हा मोह असू शकतो. पण वजनच वाढवायचे होते तर ते म्हणाले असते, मलाही दत्ताने दर्शन दिले. किंवा जनार्दनस्वामींनाच गुरू म्हणाले असते. वारकऱ्यांत आणि ब्राह्मणांत त्याने भाव वधारला असता. त्याऐवजी त्यांनी वर बसवले ते चांद बोधल्यांना, ज्या नावाने पैठणच्या ओसरीवर कोणी उठून उभे राहिले नसते. फुशारकी मारणारा माणूस असा तोट्याचा व्यवहार करत नाही.

आता चांद बोधल्यांकडे वळू, कारण दोन शिष्यांच्या गोंधळात मूळ माणूस बाजूलाच राहतो. त्यांची कबर दौलताबादला आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी. जनार्दनस्वामींची समाधी त्याच किल्ल्यावर आहे. जवळच्या खुलदाबादला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराजी यांच्यासारखे चिश्ती सूफी चौदाव्या शतकापासून विसावलेले आहेत, आणि ज्या शूलिभंजनाच्या डोंगरावर एकनाथांनी तप केले तोही त्याच टापूत येतो. सूफींची आणि दत्तभक्तांची वस्ती तिथे अशी एकमेकांत मिसळलेली आहे. मलंग रानातून आला, असे महिपती म्हणतात. खरे तर त्याला फार लांबून यावे लागलेच नसेल.

या कबरीभोवतीही एक कथा गुंडाळलेली आहे. चांद बोधले मूळचे ब्राह्मण होते, चंद्रभट त्यांचे नाव. त्यांनी एका चांदसाहेब नावाच्या सूफी पिराचे शिष्यत्व पत्करले, आणि मृत्यूनंतर त्यांच्या समाधीला धक्का लागू नये म्हणून जनार्दनस्वामींनी ती दर्ग्यासारखी बांधून घेतली. कथा हुशार आहे. तिने एका दगडात दोन पक्षी मारले : गुरू आपलाच निघाला आणि दर्ग्याचाही खुलासा झाला. पण नीट पाहिले तर ती कथाही एक गोष्ट कबूल करून बसते, की चांद बोधल्यांनी सूफी पिराकडून दीक्षा घेतली होती. जन्माने ते कोण होते हा प्रश्न जातपंचायतीचा. परंपरेच्या दृष्टीने माणूस कोणाचा, हे दीक्षा ठरवते. सूफींच्या सिलसिल्यात बापाच्या नावाने साखळी चालत नाही, पिराच्या नावाने चालते, आणि आपल्याकडच्या गुरुपरंपरेतही तेच. एका पिराच्या मुरिदांना पीरभाई म्हणतात, एका गुरूच्या शिष्यांना गुरुबंधू. जनार्दनस्वामी आणि शेख महंमद हे दोन्ही हिशेबांनी भाऊ ठरतात.

म्हणजे काय झाले, तर एकाच घरातून दोन शाखा निघाल्या. एक देवगिरीवरून पैठणला गेली, भागवत धर्मात मिसळली. तिच्या हातून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार झाली, भारुडे झाली, भागवत झाले. दुसरी श्रीगोंद्याला आली, भोसल्यांच्या आश्रयाला राहिली, मराठीत योगावर लिहीत राहिली. दुसरीने पहिलीला आपली म्हटले, तेही लेखी. पहिलीने दुसरीला संत म्हणून मान दिला, पण भाऊ म्हणून ओळख दिली नाही.

अशा एकतर्फी ओळखीची उदाहरणे जगात आणखी आहेत. अमेरिकेत प्रिन्स हॉल नावाच्या एका मुक्त कृष्णवर्णीयाने आणि त्याच्या साथीदारांनी अठराव्या शतकात फ्रीमेसन बंधुसंघात प्रवेश केला. १७८४ मध्ये लंडनच्या ग्रँड लॉजने त्यांच्या लॉजला रीतसर सनद दिली. बंधुत्व हेच ज्या संघाचे ब्रीद, त्याच्या अमेरिकेतल्या गोऱ्या शाखांनी मात्र त्यांना दोनशे वर्षे भाऊ मानले नाही. शेवटी १९८९ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या दोन शाखांनी परस्परांना मान्यता दिली, पाठोपाठ इतर राज्ये आली, आणि १९९४ मध्ये इंग्लंडच्या मूळ संघटनेनेही मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल शाखेला मान्यता दिली. नवा पुरावा कोणताच सापडला नव्हता. सनद सगळा काळ होतीच.

आपल्याकडे ढेऱ्यांच्या लेखनानंतरही फार काही हलले नाही. अभ्यासकांत चर्चा झाली. स्लोव्हाकियाचे दुशान देआक यांच्यासारखा परदेशी अभ्यासक शेख महंमदांच्या मागावर आला, मराठी ग्रंथांतल्या या गूढ फकिरावर त्याने लिहिले, सूफी हा शिक्का मारण्याआधी काय काय तपासले पाहिजे हेही बजावले. त्याची सावधगिरी मला रास्त वाटते. चांद बोधल्यांचे स्वतःचे लेखन हाताशी असते तर गोष्ट वेगळी होती. पण सावधगिरी ही अभ्यासकाची. मराठी वाङ्मयाच्या पाठ्यपुस्तकांनी केली ती निव्वळ टाळाटाळ. तिथे एकनाथ एका धड्यात आणि शेख महंमद ‘मुसलमान संतकवी’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात. कप्पे वेगळे पडले की नाते आपोआप पुसले जाते, कोणाला खोडरबर हाती घ्यावा लागत नाही.

तुकोबांच्या बाबतीतही थोडेफार हेच झाले आहे. त्यांनी आपली गुरुपरंपरा स्वतःच सांगितली : राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी. राघवचैतन्यांचे स्थान कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदला, लाडले मशायख दर्ग्याच्या परिसरात आहे. बेंद्रे तिथवर पोहोचले होते. आज त्या जागेवरून कोर्टकचेऱ्या चालू असतात.

आणि श्रीगोंदाही सुटलेला नाही. २०२५ मध्ये शेख महंमदांच्या स्थानावरून गावात आंदोलन झाले, बाजारपेठ बंद राहिली. ही जागा मंदिर की दर्गा, जीर्णोद्धार कोणी करायचा, वक्फची नोंद योग्य की अयोग्य, यावर निवेदने, मोर्चे, बैठका झाल्या. मालकी कोणाची हे कागदपत्रे पाहून संबंधित यंत्रणा ठरवतील, त्यावर इथे बसून निकाल देण्यात अर्थ नाही. पण वादातला एक सूर ऐकून मन विटते. बाबा फक्त आमचे, असे दोन्हीकडून सांगितले जाते. ज्या माणसाने ग्रंथाच्या तोंडाशीच आपला गुरू एका वाक्यात दोन घरांना वाटून दिला, त्याला एका घरात कोंडण्याची ही खटपट. त्याने मंदिर हवे असेही लिहिले नाही आणि दर्गा हवा असेही नाही. त्याने लिहिली ती परंपरा.

दर फाल्गुनात वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी भरते. राज्यभरातून दिंड्या येतात, गोदावरीचे वाळवंट भरून जाते. या तिथीला पंचपर्व म्हणतात, कारण जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, त्यांची आणि एकनाथांची भेट, जनार्दनस्वामींचे देहावसान आणि नाथांची जलसमाधी, या पाचही घटना परंपरेने एकाच तिथीला मानलेल्या आहेत. त्या पाचांतला दुसरा प्रसंग म्हणजे मलंगाच्या वेशातल्या त्या पुरुषाने जनार्दनपंतांच्या मस्तकावर हात ठेवला तो दिवस. म्हणजे चांद बोधल्यांचा दिवस वारकरी दरवर्षी लाखोंच्या संख्येने साजरा करतात, फक्त त्यांचे नाव न घेता. दत्ताचे नाव काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. नाथांची भावना दत्ताची होती, ती तशीच राहू द्यावी.

पण नाथषष्ठीला उभ्या राहणाऱ्या कीर्तनकारांकडे एक मागणे आहे. मलंगाची कथा तुम्ही रंगवून सांगताच. सांगून झाली की योगसंग्राम उघडा, गुरुवंदनाच्या त्या ओळी वाचा आणि मलंगाचे नाव श्रोत्यांना सांगा. श्रीगोंद्यात उद्या जे काही बांधले जाईल, कळस असो वा घुमट, त्याच्या दर्शनी भिंतीवरही त्याच ओळी कोरा. त्या शेख महंमदांच्या स्वतःच्या आहेत, तेव्हा दोन्ही पक्षांपैकी कोणालाच हरकत घ्यायला जागा राहणार नाही.